जुळवलेला उजेड

सकाळी टिपलेला चेहरा आणि दुपारी टिपलेला तोच चेहरा संकलनात शेजारी आले, की दोन्ही शॉटमधील रंग व उजेड एकमेकांना परके वाटतात. संकलक एकाची प्रखरता उतरवतो, दुसऱ्यातील निळसर झाक काढतो; प्रेक्षकाला सलग एकच क्षण दिसतो. प्रत्यक्षात तो क्षण घडलेलाच नसतो. मग या जुळवणीला असत्य म्हणावे काय?

या संदर्भात सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’ या कृष्णधवल चित्रपटाचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यातील बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेले होते. अशा अंगणात ऊन थेट न येता आकाशाचा मवाळ उजेड वरून झिरपतो. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावरून परतवून तोच उजेड साधला. अंगण कृत्रिम होते. उजेडाची जाण खरी होती. म्हणूनच प्रत्यक्ष बनारसमध्ये चित्रित केलेल्या दृश्यांशेजारी ते उपरे वाटत नाही.

कथाचित्रात सांधा बुजवणे ही अनुभवाशी राखलेली निष्ठा असू शकते. माहितीपटात मात्र प्रश्न पालटतो. एखाद्या साक्षीदाराने दोन भिन्न दिवशी दिलेली उत्तरे एकाच उजेडात बसवली, तर मधला काळ पुसला जातो. त्या काळात बदललेले त्याचे मनही झाकले जाते. तेथे उजेडातील तफावत हाच पुरावा असतो. जुळवणीने बुजते ती केवळ चित्रीकरणाची अडचण, की घडलेली गोष्ट, हे संकलकाने आधी स्वतःशी ठरवले पाहिजे.