पुरलेलं उकरताना

युद्धाचे कायदे म्हणजे नुसते कागदी घोडे, असं म्हणणाऱ्याला गप्प करणं अवघड आहे. बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलं होतं. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्बांच्या फौजेने ते घेतलं तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे डच सैनिक तिथेच होते. बायका-मुलांना बसमध्ये कोंबून बाहेर धाडलं आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि पोरगे काही दिवसांत मारले. नागरिकांना संरक्षण देणारा जिनिव्हा करार तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता.

मला मात्र त्यानंतरचे काही महिने अधिक बोलके वाटतात. ऑगस्टमध्ये अमेरिकेने सुरक्षा परिषदेत नव्याने उकरलेल्या जमिनीची हवाई छायाचित्रं दाखवली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारेकऱ्यांनी जेसीबीसारखी यंत्रं लावून सामूहिक कबरी उपसल्या, प्रेतं ट्रकमध्ये भरली आणि लांब आडरानात पुन्हा पुरली. जिंकलेल्या फौजेला ही हमाली कशासाठी? युद्धगुन्ह्यांसाठीचं हेगचं न्यायाधिकरण तोवर उभं राहिलं होतं. ज्या कायद्याला कुणी भीक घालत नाही, त्याच्यापायी कुणी रात्रीबेरात्री डिझेल जाळत नाही.

लपवालपवी फसलीच. कोझलुक इथे बाटल्या भरण्याच्या कारखान्याजवळ माणसं मारली होती. त्या बाटल्यांच्या हिरव्या काचा प्रेतांबरोबर दुसऱ्या कबरीत गेल्या आणि तपास करणाऱ्यांना दोन्ही जागांचा धागा जुळवता आला. कित्येकांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, हात बांधलेले होते. 'लढाईत पडले' ही सबब तिथेच संपली. त्या फौजेचा सेनापती रात्को म्लादिच याला २०१७ मध्ये जन्मठेप झाली.

यंत्रांच्या दातांनी सांगाडेही तुटले होते. एकाच माणसाची हाडं दोन-तीन कबरींत सापडत. नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवून बहुतेकांची ओळख पटली, पण तुकड्यातुकड्याने. मग घरच्यांपुढे प्रश्न उभा राही: आहे तेवढंच पुरायचं, की उरलेलं मिळेपर्यंत थांबायचं? काहींनी पुरलं आणि नंतर आणखी हाड मिळालं म्हणून कबर पुन्हा उघडावी लागली. आपल्या माणसाचं काय झालं हे कळण्याचा घरच्यांचा हक्क जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये नोंदवला आहे. 'संरक्षण' म्हटलं की आपण जिवंत माणसाचाच विचार करतो, इथे मेलेल्याचं नाव वाचवणं हेही त्याच कामात येतं.

कायद्याचं कौतुक फार ताणण्यात अर्थ नाही. डच तळात आसऱ्याला आलेल्या सुमारे ३५० पुरुषांना तिथून बाहेर जावं लागलं. त्यांच्या घरच्या बायकांनी नेदरलँड्स सरकारवर दावा लावला. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला की, तळात राहू दिलं असतं तर ते वाचण्याची शक्यता दहा टक्के होती. त्याआधीच्या न्यायालयाने ३० टक्के धरलेली सरकारची जबाबदारी १० टक्क्यांवर आली. भरपाईही त्याच मापाने.