निकालानंतरची ६८ वर्षं

४ मार्च १८८७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. तुरुंग पत्करीन, पण त्या घरी जाणार नाही, हे त्यांचं उत्तर. आपल्याकडे ही गोष्ट बहुधा इथवरच सांगितली जाते आणि टाळ्याही इथेच पडतात. त्या उत्तराबद्दल मला अपार आदर आहे. पण आज एखाद्या जाचक नात्यात अडकलेल्या बाईला या गोष्टीचा उपयोग व्हायचा असेल, तर त्या उत्तराला आधार कशाचा होता आणि त्यानंतर काय घडलं, हे नीट बघायला हवं. त्या निकालानंतर रखमाबाई ६८ वर्षं जगल्या.

लग्न झालं तेव्हा त्यांचं वय अकरा, दादाजी भिकाजींचं एकोणीस. दादाजींनी घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं, असं ठरलं होतं. ते शिकले नाहीत आणि आपल्या मामाकडे राहायला गेले. रखमाबाई आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याजवळच वाढल्या. सखाराम अर्जुन डॉक्टर, वनस्पतींचे जाणकार, १८८३ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. मुलीला सासरी धाडायची त्यांनी घाई केली नाही. ती घरी बसून वाचू लागली, इंग्रजी शिकली, आणि कळत्या वयात तिने ठरवलं की हा संसार आपला नाही. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला: माझी बायको माझ्या ताब्यात द्या.

खटल्यातल्या एका तपशिलाकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. जयंतीबाई अगदी तरुणपणी विधवा झाल्या होत्या. त्यांच्या सुतार समाजात पाट लागू शकत होता. पुन्हा लग्न करताना त्यांनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता रखमाबाईंच्या नावावर केली. दाव्यामागे त्या मालमत्तेवरचा डोळा आहे, असं रखमाबाईंच्या बाजूने तेव्हा मांडलंही गेलं. ते किती खरं, यात मी शिरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्या मुलीच्या नावावर काहीतरी होतं. डोक्यावर छप्पर होतं. ‘तुझ्या जिवावर उठलेल्या घरी जा’ असं न म्हणणारी आई होती. खटला चालू असताना, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. तरीही त्या घराचं दार बंद झालं नाही.

त्याच वर्षी रखमाबाईंनी ‘अ हिंदू लेडी’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहिली. बालविवाहाने मुलीचं शिक्षण, शरीर आणि मन कसं खुरटतं, याबद्दल. आपलं दुःख त्यांनी खासगी ठेवलं नाही, पण नवऱ्याची बदनामी करण्यातही शाई घालवली नाही. त्यांनी बोट ठेवलं ते रीतीवर. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. ज्या बाईने कधी संसारच केला नाही, तिला इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाकडे ढकलणं क्रूरपणाचं आहे, आणि अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, तो इंग्लंडातून आलेला प्रकार आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर केवढं काहूर उठलं! टिळकांचे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ रखमाबाईंच्या विरोधात उभे राहिले. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक बाजूने लिहीत राहिले. अपिलात निकाल फिरला, प्रकरण पुन्हा खाली आलं, आणि मग फॅरन यांचा तो हुकूम.

मोठ्या माणसांशी असलेला मतभेद इथे झाकून ठेवू नये. लोकमान्य टिळकांचं ऋण मानणाऱ्या घरात मी वाढले, पण या प्रश्नात ते चुकले होते, असंच मला वाटतं. एका बाईच्या देहावरचा हक्क हा परक्या सरकारशी भांडायचा मुद्दा कधीच नव्हता. शिवाय ज्याला आपला धर्म म्हणून वाचवायचं चाललं होतं, तो दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला. खुद्द इंग्लंडने असा हुकूम मोडल्याबद्दलचा तुरुंग १८८४ मध्येच रद्द केला होता. आपल्याकडे तो १९२३ पर्यंत कायद्यात राहिला.

व्हिक्टोरिया राणीने निकाल रद्द केला, अशी एक आवडती गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात शेवट फार साधा झाला. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. पुढे त्यांनी दुसरं लग्नही केलं. काहींना हे ऐकून वाईट वाटतं. एवढी लढाई आणि शेवटी पैसे मोजून सुटका? मला यात काहीही कमीपणा वाटत नाही. सुटकेची किंमत मोजावी लागली, ती मोजली, आणि बाई पुढे गेली. आज कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात कितीतरी जणी पोटगी सोडून, दागिने सोडून, ‘मला फक्त मोकळं करा’ म्हणून सही करतात. त्यांना कोणी हरलेली म्हणू नये.

आणि मग काम. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी धीर दिला, मदत उभी केली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या, डॉक्टर होऊन परतल्या. सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात आणि नंतर राजकोटला, पस्तीसेक वर्षं. पेपरांत त्यांच्या नावाने रकाने भरले ती जेमतेम चार-पाच वर्षं. बाकी सगळं आयुष्य बाळंतिणी, तापाचे रोगी, दवाखान्याचा हिशेब. नात्यातून बाहेर पडलेल्या माणसाला आपण फार लवकर विचारतो, ‘माफ केलंस का? विसरलीस का?’ या दोन्हींची घाई नसते. तिला लागतं ते सकाळी उठून जायचं ठिकाण, जिथे कुणाला तरी तिची गरज आहे आणि कुणी तिला जुन्या प्रकरणाबद्दल विचारत नाही.

१९०४ मध्ये दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्याचा नवरेपणा त्यांनी कोर्टात नाकारला, त्याच्या नावाने पांढरं नेसायचं! हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. समाजाची भीती म्हणावी, की संस्कार? की ज्याच्याशी आपलं आयुष्य एकदा बांधलं गेलं, त्याच्या मरणाची घेतलेली एक नोंद? त्यांच्या मनात काय होतं ते ठरवायचा अधिकार मला नाही. मात्र एवढं कळतं, की कायद्याने त्या शेवटपर्यंत दादाजींच्या पत्नीच राहिल्या होत्या, घटस्फोट त्यांना कधीच मिळाला नव्हता. आणि निघून गेलेल्या माणसाच्या मनातही जुन्या घराचा एखादा कोपरा शिल्लक राहू शकतो. त्यावरून तिचं निघणं खोटं ठरत नाही. मारकुट्या नवऱ्याच्या आजारपणाची बातमी ऐकून रडणाऱ्या बाईला ‘एवढं होतं तर सोडलंस कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. देशभरातल्या हिंदू बाईला घटस्फोटाचा मार्ग मिळाला, आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये नांदायला बोलावण्याचा तो दावाही राहिला. इंग्लंडने तो १९७० मध्ये काढून टाकला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते पुन्हा वैध ठरवलं.

पण कायद्यापेक्षा माझं भांडण घराशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली ती फक्त सुमारे १४ टक्के जणींनी. ज्यांनी मागितली, त्यांतल्या सर्वाधिक जणी स्वतःच्या कुटुंबाकडे गेल्या. पोलिसांकडे फारच थोड्या. म्हणजे पहिलं ठाणं माहेर आहे. आणि तिथे काय होतं? पहिले दोन दिवस तिच्या आवडीची भाजी होते. तिसऱ्या दिवशी शेजारीण विचारते, ‘किती दिवस आहेस गं?’ चौथ्या दिवशी आई हळूच म्हणते, ‘धाकटीचं जमवायचंय, जरा दमानं घे.’ आठवड्याने भावाच्या बोलण्यात खोलीची अडचण येऊ लागते. बाई पिशवी भरते. तिच्यात मुलाचे दोन कपडे असतात, आधार कार्ड बहुतेक वेळा सासरीच राहिलेलं असतं, बँकेचं पासबुक नवऱ्याच्या कपाटात. ती परत जाते. मग आपण म्हणतो, हिच्यातच धमक नाही.

धमक असते. जागा नसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. त्याच वर्षीच्या वारसा दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो जन्मापासूनचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं. तरीही आपल्याकडे वडील गेले की बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. एक साडी, गाडीभाडं, ‘ताई, माहेर कुठे जातंय?’ सही न करणारी बहीण वाईट ठरते. ज्या बहिणीने सही केली, तिला दहा वर्षांनी मार खाऊन त्या उंबऱ्यावर यावं लागलं, तर ती पाहुणी म्हणून येते. रखमाबाई स्वतःच्या घरातून नाही म्हणाल्या होत्या.

हा अंक हाती येईल तेव्हा भाऊबीज तोंडावर असेल. ओवाळणीत काय घालायचं ते प्रत्येक भावाने आपापल्या ऐपतीने ठरवावं. पण घरात हक्कसोडपत्राचा मसुदा तयार असेल, तर तो यंदा फाडावा, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहू द्यावं, आणि तिच्या कागदपत्रांची एक प्रत आपल्या कपाटात ठेवावी. हे ती सुखात असताना करावं. अडचणीत आल्यावर तिला ते मागायची वेळ येऊ नये.