झाडू कुणाच्या हातात?

कंप्युटर साफ करणारं सॉफ्टवेअर चालवलं की स्क्रीनवर आकडा येतो: इतके जीबी कचरा गेला. बरं वाटतं. पण कचरा कशाला म्हणायचं, हे ठरवतं कोण?

आमच्या डोंगरकड्यात पीकविम्यापासून शिष्यवृत्तीपर्यंतचे फॉर्म ऑनलाइन सेंटरवर भरले जातात. आधार, पासबुक, सातबारा स्कॅन होतात आणि काम झाल्यावरही त्या कंप्युटरवर पडून राहतात. सॉफ्टवेअरच्या लेखी कचरा म्हणजे टेम्पररी फाइल्स आणि कॅशे. एखाद्या आजीचं आधार त्याला कचराही वाटत नाही आणि कुणाची ठेवही वाटत नाही.

बरं, झाडूवर तरी डोळे झाकून भरवसा ठेवावा का? ऑगस्ट 2017 मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकर्सनी घातक कोड घुसवला होता. ती सुमारे 22.7 लाख लोकांच्या कंप्युटरवर पोचली. त्याच महिन्यात, 24 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला.

हक्क कोर्टाने मान्य केला. तो जपण्याचं काम सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही. ज्याने कागद घेतला, त्याचीच ती जबाबदारी. काम झालं की गिऱ्हाइकासमोर फाइल पुसावी, रिसायकल बिनही रिकामी करावी. आणि गिऱ्हाईक आपण असू, तर उठण्याआधी विचारावं, "दादा, माझं आधार डिलीट करता का?"

असं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं अनेकांना वाटतं. मला नाही वाटत. शेजारी दिलेलं भांडं आपण परत मागतोच की.