हाय खाल्लेलं काळीज

सकाळी बेगमपुऱ्याकडून फिरून येताना कोवळ्या उन्हात ‘बीबी का मकबऱ्या’चा घुमट दिसतो. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम 1657 मध्ये गेली आणि तिच्या मागे राहिलेल्यांचं दुःख या दगड-चुन्यात उभं राहिलं. दुःखाला आकार येतो, हे इथे डोळ्यांना दिसतं. तसा तो छातीच्या आतही येतो.

1990 मध्ये जपानच्या हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या एका विकाराला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं. आपल्या चंबूसारखं, गळ्याशी अरुंद आणि खाली फुगीर. छातीत कळ येते, दम लागतो, ईसीजी बदलतो. अँजिओग्राफीत मात्र या त्रासाचा उलगडा करणारा अडथळा सापडत नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक आकुंचन पावायचं थांबून फुगलेलं असतं. अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा अचानक आलेला लोंढा त्याला सोसत नाही, असं मानलं जातं. हे सर्वाधिक दिसतं ते पाळी थांबलेल्या बायकांमध्ये.

निमित्तं मात्र नाना तऱ्हांची. कधी मरणाची बातमी, कधी शस्त्रक्रिया, दम्याचा झटका किंवा मेंदूतला रक्तस्राव. क्वचित आनंदही. कधी तर काहीच कारण हाती लागत नाही. काहींच्या हृदयाचं टोक ठीक असतं आणि मधला भागच थबकतो.

आपल्या आज्या म्हणायच्या, “पोरगा गेला आणि तिनं हाय खाल्ली.” आपण ती बोलण्याची रीत समजलो. त्यामागे किती घरांमधलं पाहिलेलं, सोसलेलं होतं!

म्हणून एवढंच मागणं आहे. सुतकातल्या घरात एखादी बाई म्हणाली, “छातीत भरून आल्यासारखं होतंय,” तर “रडून रडून होतंय, जरा पड,” असं म्हणू नका. तिला घाटी रुग्णालयात न्या, नाहीतर जवळच्या दवाखान्यात. पण लगेच न्या. हा नेहमीचा हार्ट अटॅक की हाय खाल्लेलं काळीज, हे बाहेरून कळत नाही, आणि सुरुवातीच्या दिवसांत दोन्ही जिवावर बेतू शकतात.

ते दिवस निभावले, की बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पुन्हा नीट आकुंचन पावू लागतं. दगडात उतरलेलं दुःख शतकानुशतकं तसंच राहतं. काळीज मात्र आपल्या आकारात परत येतं. तोवर तिच्या उशाशी कुणीतरी बसलेलं असावं.