रिकामी खेप

लातूरच्या ट्यूशन एरियात एक मोठे सर होते. पंचवीस वर्षांपूर्वी पत्र्याच्या खोलीत दहा-बारा पोरं घेऊन बसायचे. आता क्लासची चार मजली इमारत, दोन होस्टेलं आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात पानभर जाहिरात. बोधकथेतला मालक दुष्ट असला की लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं. हे सर तसे नव्हते. गरिबाघरच्या हुशार मुलाची फी माफ करत, दिवाळीला प्रत्येक शिक्षकाच्या हातात मिठाईचा डबा ठेवत. फक्त हिशेबाला पक्के होते, आणि शिक्षकांच्या बाबतीत त्यांचा हिशेब फळ्यापुरता होता.

त्यांच्याकडे जीवशास्त्राच्या एक मॅडम होत्या. एमएस्सी, बीएड. रोज पहाटेच्या एसटीने औशाहून येत. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या बायोलॉजीचे, म्हणजे त्या जाहिरातीचं अर्धं पान याच विषयाच्या जिवावर. मॅडमचा दर लेक्चरला साडेतीनशे. महिन्यात ८० लेक्चरं झाली तर २८,००० रुपये, त्यातून १० टक्के टीडीएस जाऊन हातात २५,२००.

हा टीडीएस पगारावरचा नव्हता, व्यावसायिक फीवरचा होता. कागदोपत्री मॅडम नोकर नव्हत्याच, सल्लागार होत्या. त्यामुळे पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, मे महिन्यात बॅच नसली की पैसेही नाहीत. बरं, सल्लागार म्हटल्यावर माणसानं आपल्या सोयीनं यावं-जावं. पण या सल्लागारबाईंना सकाळी सातला मशीनवर अंगठा द्यावा लागे आणि एसटी दहा मिनिटं रखडली की अर्धं लेक्चर कापलं जाई. मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात होती. शिवाय स्टँपपेपरवर लिहून घेतलं होतं की क्लास सोडल्यावर दोन वर्षं लातुरात दुसरीकडे शिकवणार नाही. असली अट १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकत नाही. पण कपाटाची किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याला कलम वाचून कोण दाखवणार?

मॅडम एक डायरी ठेवत. डाव्या पानावर फळ्याचे तास, उजव्या पानावर बाकीचे. बाकीचे म्हणजे काय ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. नीटच्या सरावाच्या उत्तरपत्रिका मशीन तपासतं, पण बारावी बोर्डाच्या सरावाचे पेपर माणसालाच तपासावे लागतात. १२० मुलांची बॅच. एका मुलीने हृदयाची आकृती सुरेख काढली आहे, पण डाव्या-उजव्या कप्प्यांची नावं उलटी दिली आहेत. नुसती फुली मारून पुढं जाता येतं. मॅडम पुढं जात नसत. त्या कडेला लिहीत, ‘आकृतीतलं हृदय समोरच्या माणसाचं असतं. त्याची डावी बाजू तुझ्या उजव्या हाताला.’ मग पुढची उत्तरपत्रिका. त्यानंतर रविवारच्या टेस्टचे प्रश्न काढायचे, रात्री मोबाइलवर डाउट सोडवायचे, आणि सुट्टीत प्रवेश वाढवायला गावोगावच्या शाळांत ‘मार्गदर्शन’ करून यायचं, तेही फुकट. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही आठवड्याची सुट्टी द्यायला सांगितलं आहे. त्या सूचनांची प्रत क्लासच्या ऑफिसात व्यवस्थित फाईल केलेली होती. रविवारी टेस्ट असे आणि सुपरव्हिजनला सगळे शिक्षक.

एका महिन्याची बेरीज झाली: डाव्या पानावर ८० तास, उजव्यावर ७४. साडेतीनशेचा दर एकशे ऐंशीच्या आसपास आला.

डायरी घेऊन मॅडम केबिनमध्ये गेल्या. सरांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“मॅडम, मी फळ्यावरच्या तासाचे पैसे देतो. घरी तुम्ही काय करता ते मी कशाला बघू? आणि हे बघा, नको असेल तर सांगा. बाहेर दहा जण बायोडेटा घेऊन उभे आहेत.”

हे खरंच होतं. पोरं नेट-सेट होऊन कॉलेजांत तासिका तत्त्वावर झिजतायत, तिथं क्लासच्या दारात दहा जण उभे राहणारच. फिजिक्सचे सर कामगार आयुक्तांकडे जाऊ म्हणत होते, पण त्यांच्याच वकील भावानं त्यांना खाली बसवलं: १९८८ सालीच, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. म्हणजे मालकाच्या वहीत नोकर नाही आणि कायद्याच्या वहीत कामगार नाही.

उन्हाळा लागला. होस्टेलचा बोअर आटला आणि टँकर सुरू झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्याच वर्षी कर्ज काढून टँकर घेतलेला एक जण क्लासला पाणी पुरवायचा. त्या दिवशी त्याला यायला दुपार झाली. मोठे सर गेटवरच उभे होते, मॅडम लेक्चर संपवून बाहेर पडत होत्या. पाइप हौदात सोडला, वीस मिनिटांत टँकर रिकामा. टँकरवाल्यानं बाराशे मागितले.

“वीस मिनिटांचे बाराशे?” सर म्हणाले.

“सर, वीस मिनटं ओतायला लागली. सकाळी सहाला रिकामा टँकर घेऊन निघालोय. विहिरीवर तीन तास नंबर. येताना भरलेली गाडी, वीसच्या वर पळवता येत न्हाई.”

“रिकाम्या जाण्याचे पैसे मी का द्यायचे? मला पाणी मिळालं तेवढ्याचे घे.”

टँकरवाला हसला. “रिकामी खेप केल्याबिगर भरलेली येत न्हाई, सर. पैसं ओतायचं नसतंय, आणायचं असतंय.”

सरांनी पाकीट काढलं. घासाघीस करून शंभर कमी केले आणि पावती मागून घेतली. पावती फाडता फाडता टँकरवाल्याचं लक्ष मॅडमकडे गेलं. त्याची पोरगी याच क्लासला होती.

“मॅडम, परवा रात्री साडेदहाला लेकराला फोनवर अर्धा तास समजावून सांगितलंत. लई उपकार झाले. त्याचं काय द्यायचं, सर? तुमच्याकडं भरायचं का मॅडमकडं?”

सर काही बोलले नाहीत. पावती घडी करून खिशात घातली आणि आत गेले. इथं सरांचे डोळे उघडले असं लिहायचा मोह होतो. तसं काही झालं नाही. झालं ते एवढंच की फिजिक्सच्या सरांनी हा प्रसंग स्टाफरूममध्ये तिखटमीठ लावून सांगितला, आणि आठ दिवसांत आणखी सहा जणांनी डायऱ्या घातल्या. महिनाअखेरीला सात डायऱ्या एकदम टेबलावर आल्या. बाहेरच्या दहा जणांतून सात जण एका संध्याकाळी उभे करता येत नाहीत, एवढं गणित सरांना येत होतं. यावेळी त्यांनी डायऱ्या उघडल्या. बराच वेळ उजवी पानं चाळली.

“ठीक आहे. पेपर तपासणीचे वेगळे देऊ. डाउटचा तास अर्धं लेक्चर धरू. टेस्टच्या रविवारचं पूर्ण.”

“लिहून द्या,” मॅडम म्हणाल्या.

“माझ्या शब्दावर विश्वास नाही?”

“टँकरवाल्याकडून पावती घेतलीत ना, सर?”

सरांनी अकाउंटंटला बोलावलं. तो लेटरहेडवर लिहू लागला. प्रमाणपत्रं परत द्यायचं कलम आलं, सरांनी थोडा घसा खाकरला, पण लिहू दिलं. मे महिन्याच्या पैशांवर मात्र पेन अडलं. “ते पुढच्या वर्षी बघू,” म्हणून सर उठले.

सातांपैकी कोणी उठलं नाही. फिजिक्सच्या सरांनी हात लांबवून पंख्याचं बटण एकानं वाढवलं.

“बसू की,” ते म्हणाले. “सातची बॅच यायला अजून वेळ आहे.”