एका हाती दोन तराजू

वाचकहो, इस्लामने व्यापारातील स्पर्धा वर्ज्य मानलेली नाही. एका पेठेत एकाच मालाची दहा दुकाने असावीत आणि ज्याचा दर व वर्तन चांगले त्याच्याकडे ग्राहकाने जावे, यात अन्याय नाही. प्रश्न निराळ्या ठिकाणी उभा राहतो. समजा, एका कंपनीच्या पंख्यांची जिल्ह्याची एजन्सी एकाच व्यापाऱ्याकडे आहे. दुकानदारांनी माल त्याच्याकडूनच घ्यावा, असे कंपनीचे बंधन आहे. पुढे हाच वितरक भर पेठेत स्वतःचे दुकान थाटतो. दुकानदाराला ज्या दराने तो पंखा देतो, जवळजवळ त्याच दराने स्वतःच्या गिऱ्हाइकाला विकतो. उन्हाळा तोंडावर आला की दुकानदाराला उत्तर मिळते, ‘वरूनच माल आला नाही’. त्याच्या स्वतःच्या दुकानात मात्र थप्प्या लागलेल्या असतात.

तो म्हणेल, माल माझा, भांडवल माझे, शिवाय ग्राहकाला स्वस्त मिळते. मग गुन्हा कोणता? नमाज-रोजाचे पाबंद असलेले कित्येक व्यापारीही या उत्तरावर निश्चिंत असतात. पण ती स्वस्ताई शेजारची दुकाने बंद पडेपर्यंतच टिकते, हे तेही जाणतात.

मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी दर ठरवून देण्याची विनंती केली, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती नाकारली. म्हणजे बाजार मोकळा असणे हा मूळ नियम. परंतु त्यांनीच शहराबाहेर जाऊन काफिल्यांचा माल अडवून घेण्यास मनाई केली, कारण येणाऱ्याला बाजारातील दर ठाऊक नसतो. साठेबाजीचाही त्यांनी निषेध केला. काही फुकहांनी तो निषेध धान्यापुरता मानला. इमाम अबू यूसुफ यांनी मात्र जी वस्तू रोखल्याने लोकांना अपाय होतो त्या प्रत्येक वस्तूला तो लागू केला. ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही, त्याच्या असहायतेवर नफा उभारू नये, हे या सर्व आज्ञांमागचे सूत्र दिसते.

इमाम इब्ने तैमिया (मृत्यू १३२८) यांनी ‘अल-हिस्बा’ या ग्रंथात तर जवळजवळ आपलाच प्रश्न घेतला आहे. एखादा माल ठरावीक लोकांनाच विकला जावा व पुढे त्यांनीच तो विकावा, असे बंधन असेल, तर त्यांच्यावर रास्त दराचे बंधन घालणे त्यांनी वाजिब ठरविले. बाजारात इतरांना वाव असतो, म्हणून व्यापारी स्वतंत्र असतो. इतरांचा वाव काढून घेतला की त्याचे स्वातंत्र्यही आपोआप कमी होते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो.

दराहून सूक्ष्म बाब अमानतीची आहे. दुकानदार मागणी नोंदवतो, तेव्हा त्याचा कोणता माल खपतो, कोणत्या वस्तीत खपतो, हे वितरकाला कळते. ती माहिती माल मागविण्यासाठी दिलेली असते, त्याचेच गिऱ्हाईक ओढण्यासाठी नव्हे. अॅमेझॉनवर असाच आक्षेप आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये विक्रेत्यांची खासगी माहिती स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी न वापरण्याचे वचन तिला युरोपीय आयोगाला द्यावे लागले. आपल्याकडील २००२ चा स्पर्धा कायदा एकाधिकाराच्या वितरण-करारास सरसकट मनाई करीत नाही. स्पर्धेला त्याने लक्षणीय हानी पोचते का, ते पाहतो. जिल्ह्यातील एखादा वितरक त्या चौकशीत सापडेलच असे नाही. त्याची चौकशी त्यालाच करावी लागेल.

तेव्हा वाचकहो, आपणापैकी कोणी अशा स्थितीत असेल, तर त्याने दुकान उघडण्यापूर्वी दुकानदारांना ते उघड सांगावे. मागणीची वही आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर ठेवू नये. इतरांना लावतो तोच दर आपल्या दुकानाच्या खात्यावरही लिहावा. हे पेलत नसेल तर एजन्सी किंवा दुकान, एक सोडावे. आणि तुटवड्याच्या दिवसांत शंभर पंखे आले, मागणी तीनशेंची असली, तर स्वतःच्या दुकानालाही मागणीच्या एक-तृतीयांशच द्यावेत.