उघड्यावरचे पचन

माजलगाव-गेवराईकडच्या काळ्या रानात कापूस संपला की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचतात. उन्हाळाभर त्या तशाच पडून असतात. साल फिकी पडते, काटकी मोडली तर कटकन मोडते, कुजण्याचे मात्र चिन्ह दिसत नाही. त्याच ढिगाच्या तळाशी वाळवीने मातीचे अस्तर चढवलेली एखादी पऱ्हाटी उचलून पाहावी. हाताला हलकी लागते, सोलली तर आत लाकडाच्या जागी पोकळ नळ्या आणि ओलसर माती. लाकूड एकच, बांध एकच, आणि बुरशीचे बीजाणू तर वाऱ्याने सगळीकडेच पोचलेले असतात. तरीही ढिगाचा वरचा भाग तसाच टिकतो आणि तळ एका हंगामात फस्त होतो. याचे उत्तर बुरशीच्या पाचक विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, धारेत शोधण्याची सवय विज्ञानाला फार काळ होती. ज्याचे विकर तीक्ष्ण त्याचे पचन जोरात, असा तो हिशेब. गेल्या काही दशकांत जमलेला पुरावा पाहता हा हिशेब अपुरा ठरतो, असे माझे मत आहे. विकरांचा इतिहास धारेपेक्षा शेजाराचा इतिहास अधिक आहे.

बुरशीला तोंड नाही, आतडे नाही. ती विकरे अंगाबाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळते, मग ती ते शोषून घेते. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली सजीवांच्या पाच सृष्टी मांडताना बुरशीला वनस्पतींपासून वेगळे काढले, त्यात खाण्याच्या या तऱ्हेचा मोठा वाटा होता. त्याच्या कितीतरी आधी, १८८६ साली, अंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले होते की रोगकारक बुरशीचा स्रावच वनस्पतीच्या पेशींची बांधणी सैल करतो. १८९४ साली जोकिची ताकामिने यांनी कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीतून पिष्ट पचवणारे विकर काढून अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले आणि ते अपचनावरचे औषध म्हणून विकले गेले. बुरशीचे पचन असे बाटलीत आले, आणि विकर ही बुरशीपासून सुटी करता येणारी वस्तू आहे ही समजूत पक्की झाली. पुढचा गोंधळ बराचसा या समजुतीतून आला.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या दमट बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजू लागले. सॉलोमन बेटांवरच्या तंबूच्या कापडावरून वेगळी काढलेली एक ट्रायकोडर्मा बुरशी एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांच्या प्रयोगशाळेत पोचली. १९७७ साली तिला रीस यांच्याच नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ म्हटले गेले. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि त्याचे रेणू इतके घट्ट बसलेले की एकटे विकर आत शिरू शकत नाही. रीस आणि सहकाऱ्यांनी १९५० साली तर्क मांडला की आधी काहीतरी ही घडी उसवत असले पाहिजे आणि मग बाकीची विकरे कामाला लागत असली पाहिजेत. ते ‘काहीतरी’ बराच काळ हाती लागले नाही. २०१० च्या सुमारास तांबे आणि ऑक्सिजनच्या मदतीने साखळी तोडणारी विकरे ओळखली गेली, तेव्हा त्या तर्काला एक ठोस आधार मिळाला. एकेकाळी तंबू खाणाऱ्या या बुरशीची विकरे आज जीन्सला जुनाट रंग आणायला वापरतात.

खरा धक्का २००८ साली बसला. या बुरशीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि सेल्युलोज फोडण्यात अव्वल ठरलेल्या या जीवाकडे त्या कामाची जनुके इतर लाकूडखाऊ बुरशांपेक्षा कमीच निघाली. पुढे असेही दिसले की ट्रायकोडर्माचे पूर्वज मुळात दुसऱ्या बुरशा खाणारे होते, आणि २०१८ च्या एका अभ्यासानुसार वनस्पतीची भिंत फोडणाऱ्या जनुकांचा मोठा हिस्सा त्यांनी भक्ष्य बुरशांकडूनच उचलला. हत्यारे घरी घडवलेली नव्हती तर! उलट झाडांच्या मुळांशी भागीदारी करून आयती साखर मिळवणाऱ्या बुरशांनी लाकूड फोडणारी बरीच जनुके गमावली. कुठे उचल, कुठे त्याग. दोन्ही शेजाऱ्याच्या निमित्ताने.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कोळशाचा आहे. लाकडातले लिग्निन फोडणारी विकरे सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी उत्क्रांत झाली, असा अंदाज २०१२ साली जनुकसंचांच्या तुलनेतून मांडला गेला. त्याआधी लाकूड कुजवणारे कोणी नव्हते म्हणून कोळसा साठला, नंतर साठणे मंदावले, अशी ती देखणी मांडणी. ती खरी असेल तर एका नव्या विकराने पृथ्वीचा कार्बनचा हिशेब बदलला आणि माझा मुद्दा पडला. पण आपल्याच देशाकडे पाहा. परळीच्या औष्णिक केंद्रात जळतो तो देशी कोळसा गोंडवानाचा, बहुतांशी पर्मियन काळातला. म्हणजे त्या तारखेच्या आसपासचा आणि बराचसा नंतरचा. कुजवणारे आले तरी कोळसा साठतच राहिला. २०१६ साली भूशास्त्रज्ञांनीही हेच दाखवले, की कोळसा ठरवला तो खचत जाणाऱ्या खोऱ्यांनी आणि दलदलीने. लिग्निन फोडायला ऑक्सिजन लागतो आणि साचलेल्या पाण्याखाली तो पोचत नाही. तिथे पाणी जास्त, आपल्या बांधावर कमी, आणि विकर दोन्हीकडे हतबल.

उघड्यावर पचवण्याची आणखी एक अडचण आहे. यीस्ट बाहेरच्या बाहेर साखर फोडते तेव्हा १०० पैकी ९९ रेणू दुसरीकडे वाहून जातात, असे २००९ च्या प्रयोगात आढळले. म्हणजे विकर न बनवणारा शेजारीही पोट भरून घेतो. जिथे मिळकत राखता येते तिथेच विकरावरचा खर्च परवडतो. वारुळातली बुरशी हे याचे उत्तम उदाहरण. आपल्याकडची वारुळे बांधणारी वाळवी चावलेल्या काडीकचऱ्याचे मऊ थर रचते, दमट अंधारात त्यावर टर्मिटोमायसिस बुरशी पोसते आणि आगंतुक बुरशांना रोखते. ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे. पावसाळ्यात वारुळावर छत्र्या उगवतात त्या याच बुरशीच्या.

मग शेतकऱ्याला कुजवणाऱ्या कल्चरचा गुण येतो तो कसा, असे कोणी विचारेल. येतो, पण शिफारस नीट वाचावी. उसाच्या एक टन पाचटाला १ किलो कल्चरबरोबर ८ किलो युरिया आणि १० किलो सुपर फॉस्फेट सांगतात, शिवाय ओल. नत्राशिवाय बुरशी विकर बनवणार कशातून? परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ किंवा मर रोगावरचे ट्रायकोडर्मा उपयोगी पडते, त्यात तर ट्रायकोडर्माच्या मूळ धंद्याचा, म्हणजे दुसऱ्या बुरशा खाण्याचा, वाटा मोठा आहे. तेव्हा आष्टी-पाटोद्यासारख्या कोरड्या भागात नुसते पाकीट आणून सुक्या ढिगावर शिंपडणे म्हणजे पैसे वाया घालवणे. पऱ्हाट्या बारीक करा, शेणकाल्यासोबत खड्ड्यात दाबा, वरून मातीने झाका आणि जे काही पाणी हाताशी असेल ते आधी तिथे द्या.